टाकीतली आंबट चोरी आणि आमचे कारागीर

आमचा धंदा कापडाचा. आम्ही इथेनॉलवर लिहावे हे काही वाचक बंधूंना चमत्कारिक वाटेल. पण कोल्हापूर जिल्ह्यात ज्याचे दुकान आहे त्याचा गल्ला शेवटी उसावरच चालतो. कारखान्याचे बिल वेळेवर निघाले की शेतकरी रोखीने लग्नाचा बस्ता बांधतो. बिल लांबले की तोच भला माणूस उधारीच्या वहीत नाव घालून जातो. आणि अलीकडे हे बिल साखरेइतकेच इथेनॉलच्या पैशावर अवलंबून राहू लागले आहे. कागलचा शाहू, शिरोळचा दत्त, वारणानगरचा वारणा, या सगळ्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. २००३ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. तेव्हा डिस्टिलरीच्या टाकीत काय शिजते याची खबर बाजारपेठेनेही ठेवायला हवी.

आम्हाला ही खबर जरा वेगळ्या वाटेने मिळाली. आमचा एक भाचा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप चालवतो. टाक्या, पाइप, जिने असली कामे. दोन हंगामांपूर्वी त्याने एका डिस्टिलरीच्या पाइपलाइनचे काम घेतले. काम वेळेत झाले, पाण्याने चाचणी घेतली, एक थेंब गळला नाही. तरी शेवटचे बिल अडकले. एक दिवस दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "मामू, ते म्हणतात तुमच्या पाइपानं आमचा माल आंबट होतोय. स्टीलचा पाइप रस आंबवतो का कुठं?" आम्हालाही ते पैसे बुडवण्याचे निमित्त वाटले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही तिथे गेलो, ते भांडायच्या तयारीनेच.

तिथल्या केमिस्टने भांडण ऐकून घेतले आणि आम्हाला टाकीजवळ नेले. त्याने जे समजावले ते आमच्या भाषेत सांगतो. मळी म्हणजे मोलॅसिस पाण्याने पातळ करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. उर्दू शाळेत आम्ही त्याला खमीर म्हणायला शिकलो आणि जिवाणूंना जरासीम. खमीर साखर खाते आणि अल्कोहोल देते. शास्त्राच्या हिशेबाने शंभर किलो ग्लुकोजमधून ५१ किलो अल्कोहोल निघायला हवे, बाकीचे ४९ किलो वायू होऊन उडून जाते. पण टाकीत खमिराबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही शिरतात. लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे भाऊबंद तीच साखर खातात आणि अल्कोहोलऐवजी लॅक्टिक व ॲसिटिक आम्ल करून ठेवतात. ॲसिटिक आम्ल म्हणजे आपल्या घरातला सिरकाच. दस्तरखानावर तो बरकतीचा, टाकीत मात्र निव्वळ तोटा. शिवाय हे आम्ल वाढले की खमीरच सुस्त पडते, म्हणजे चोराने माल नेला आणि वर पहारेकऱ्यालाही गुंगी दिली. खमिराला दुप्पट व्हायला दोन-तीन तास लागतात. जिवाणूला सोयीची उष्णता मिळाली तर तासाभराच्या आत तो दुप्पट होतो. टाकी बत्तीस-तेहतीस अंशांवर ठेवली तर खमीर खूश असते. मार्च महिन्यात थंड करायचे पाणीच गरम झाले आणि टाकी छत्तीस-सदतीसवर गेली की राज्य जिवाणूंचे.

हा तोटा किती? जाणकार एक ते पाच टक्के सांगतात. आम्ही हिशेबाला दोनच धरू. दिवसाला ३०,००० लिटरची डिस्टिलरी असेल तर ६०० लिटर गेले. बी-हेवी मळीच्या इथेनॉलला २०२४-२५ साली सरकारने लिटरला ६०.७३ रुपये दर ठरवला होता. म्हणजे रोजचे ३६ हजारांहून अधिक, आणि दोनशे दिवसांत ७२ लाखांवर. एवढा कपडा आमच्या दुकानातून चोरीला गेला असता तर आम्ही पोलिसांत गेलो असतो. शिवाय सरकारी धोरणाचाही भरवसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका फटक्यात बंदी आली, मग थोडी ढील मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. अशा वेळी हाती असलेल्या मळीतून थेंब न् थेंब काढणे एवढेच कारखान्याच्या हाती राहते.

ही चोरी नवी नाही. १८५६ साली फ्रान्सच्या लील शहरात बिगो नावाचा एक कारखानदार बीटापासून अल्कोहोल करायचा. त्याच्या टाक्या आंबट पडू लागल्या तेव्हा तो मुलाच्या प्राध्यापकाकडे गेला. तो प्राध्यापक म्हणजे लुई पाश्चर. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर चांगल्या टाकीत गोल गोल खमीर, आणि बिघडलेल्या टाकीत बारीक काड्यांसारखे जिवाणू. एका व्यापाऱ्याच्या तक्रारीतून एवढे मोठे शास्त्र उभे राहिले, हे आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. आमचे गुळवे तर शास्त्र न शिकताही हे जाणतात. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, हे कोणत्याही गुऱ्हाळावर विचारा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जो ऊस पाण्यात उभा राहिला त्याचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना कुजणे म्हणजे काय हे सांगायला नको.

असो. मूळ गोष्टीकडे येऊ. त्या डिस्टिलरीत आंबटपणा वाढला की अँटिबायोटिक टाकत. पहिले काही आठवडे गुण आला, मग येईना. डोस वाढवला, पुन्हा चार दिवस बरे, पुन्हा तेच. शेवटी केमिस्टने एकेक पाइप तपासायला घेतला आणि आमच्या भाच्याच्या कामापाशी येऊन थांबला. पुढे कधीतरी दुसरी टाकी जोडायची म्हणून मुख्य पाइपाला एक फांदी काढून तिचे तोंड बंद केले होते. ड्रॉइंगमध्ये ती वीतभर होती. आमच्या भाच्याच्या माणसांनी तुकडा वाया जाऊ नये म्हणून दोन हात लांब ठेवली. आमच्यासमोर तिची झाकणी उघडली आणि जो वास आला तो आम्ही लगेच ओळखला. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये रात्रभर राहिलेल्या कांजीचा तो वास. आत बोटभर बुळबुळीत थर होता, आणि सांध्यावर आतल्या बाजूने वेल्डिंगचे खडबडीत दाणे, त्यात तो थर घट्ट धरून बसलेला. टाकी धुताना पाणी मुख्य पाइपातून वाहून जायचे, फांदीत कधी पोहोचायचेच नाही. औषधही त्या थराच्या वरच्यावरून जायचे. टाकी नव्याने भरली की इथूनच पुन्हा लागण. भाचा काही बोलला नाही. आम्हीही भांडणाचा विषय काढला नाही.

औषधाचा प्रश्न इथे फक्त पैशाचा नाही. थोडा थोडा डोस देत राहिले की जिवाणू त्याला सरावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेलच्या भाषणात बजावले होते. मका आणि तांदळापासून चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांत जो चोथा उरतो तो जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. काही औषधे उष्णतेने मरतात, सगळी मरत नाहीत. अमेरिकेत अशा चोथ्याच्या काही नमुन्यांत अँटिबायोटिकचे अवशेष सापडले आहेत. आपला जिल्हा दुधाचा आहे, आणि आमच्या समाजातले किती तरी लोक कोंबडी-बकऱ्याच्या धंद्यात आहेत. त्यांनी खाद्याच्या पोत्यात काय येते हे विचारायला सुरुवात करावी.

औषधाशिवाय चालतच नाही असेही नाही. ब्राझीलमध्ये १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर मोठे काम झाले. तिथे खमीर वेगळे काढून सौम्य तेजाबात एक-दोन तास धुतात. खमीर ते सोसते, बहुतेक जिवाणू सोसत नाहीत, आणि तेच खमीर पुन्हा टाकीत जाते. काही ठिकाणी बिअरमधल्या हॉप्सचा अर्क वापरतात, काही ठिकाणी क्लोरीन डायऑक्साइड. हे सगळे आमच्या मते दुसऱ्या नंबरचे. पहिला नंबर गरम कॉस्टिकचा, वाफेचा, आणि जिथे पाणी पोहोचणार नाही अशी जागाच न ठेवण्याचा. कॉस्टिक सोडा कापडवाल्याला नवा नाही. ज्या बीमवर जुनी कांजी चिकटली आहे त्यावर कितीही अत्तर शिंपडले तरी ताणा साफ होत नाही.

आता कारखान्यांच्या संचालक मंडळींना एक विचारायचे आहे. निविदा काढताना तुम्ही पाइपचे काम किलोच्या दराने देता आणि सर्वांत कमी दरवाल्याला देता. आतून वेल्ड कसा हवा, फांदी किती लांब चालेल, उतार कुठे हवा, हे निविदेत लिहिलेले आमच्या भाच्याने तरी कधी पाहिले नाही. दूध आणि औषधांच्या कारखान्यांत बंद फांदी पाइपाच्या व्यासाच्या दीड-दोन पटीपेक्षा लांब ठेवत नाहीत. आत आरगॉन गॅस भरून टिग वेल्डिंग केले तर सांधा आतूनही गुळगुळीत येतो, पण त्याला वेळ आणि गॅस लागतो. किलोच्या दरात तो बसत नाही. पाइपात वाचवलेले दोन लाख टाकीत बहात्तर लाखांनी जातात, आणि मग खापर कारागिरावर फुटते.

खापर काही अंशी रास्तही होते, हे आम्ही नाकारत नाही. आपली पोरे हाताने हुशार आहेत, पण पाइपातून काय वाहणार आहे हे विचारत नाहीत. दुसरी अडचण नावाची आहे. अल्कोहोल म्हटले की घरातले वडीलधारे काम घेऊ देत नाहीत. फतवा देणे आमचे काम नव्हे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना हेही सांगावे की पेट्रोलसाठीचे इथेनॉल पिण्याजोगे ठेवलेले नसते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आंबवण्याच्या तंत्राचे रीतसर शिक्षण मिळते. शिवाजी विद्यापीठातून रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आमची मुले मोबाइलच्या दुकानात बसलेली आम्ही पाहतो. आणि ज्यांच्याकडे चार पैसे आहेत ते प्लॉट घेऊन ठेवतात. एका टिग मशीनसाठी कुणाला कर्ज-ए-हसना द्यायचे किंवा भागीदारी करायची म्हटली की सगळे घड्याळाकडे बघतात. आम्हीही त्यातलेच होतो.

भाच्याने ती फांदी आणि आणखी सहा सांधे स्वतःच्या खर्चाने कापून पुन्हा जोडले. बिल मिळाले, पण कापून. मशीन आम्ही दोघांनी मिळून घेतले आहे. या वर्षी त्याने सांध्याचा दर वेगळा लावून तीन ठिकाणी कोटेशन दिले. दोघांनी महाग म्हणून परत पाठवले. तिसऱ्याने आतला सांधा आरसा लावून पाहिला आणि अर्धे काम दिले. मोळी दिवाळीनंतर पडेल.