कुलवृत्तांत आणि करी रोड

विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या मराठी कुलवृत्तांतांत मूळपुरुष, गोत्र व शाखा यांची काटेकोर नोंद आढळते. ती प्रामुख्याने ब्राह्मण घराण्यांची. करी रोडच्या चाळींतील गिरणी कामगाराची वंशावळ मात्र हजेरीपट, तिकीट क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पावतीत विखुरलेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे २०१२ मध्ये म्हाडाने कामगारांच्या घरांची सोडत काढली, तेव्हा वारसांना घराण्याचा पुरावा म्हणून हेच जीर्ण कागद शोधावे लागले. त्यांत वारस म्हणून पत्नीचे नाव येते. डझनभर गाववाल्यांना जेवू घालणारी तिची खानावळ येत नाही. (कुलवृत्तांतांतही सुनेचे माहेर येते, कष्ट क्वचितच.) कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार शिकवणाऱ्या विभागांनी हे कागद परिशिष्टात न ढकलता मूळ संहिता मानावेत, आणि खानावळींच्या आठवणी त्या स्त्रिया हयात असतानाच लिहून घ्याव्यात, असे माझे मत आहे.