हिमवादळाचा अंदाज : आकडा आणि खात्री

हिमवादळ येणार हे हवामानशास्त्र आता काही दिवस आधी सांगू शकते. ते नेमके कोठे कोसळणार, हे मात्र अखेरपर्यंत निश्चित होत नाही. जानेवारी २०१५मध्ये न्यूयॉर्कला याचा प्रत्यय आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने शहरात २० ते ३० इंच हिमवृष्टीचा इशारा दिला होता. २६ जानेवारीच्या रात्री बर्फामुळे भुयारी रेल्वे इतिहासात प्रथमच बंद ठेवण्यात आली. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचांहूनही कमी बर्फ पडला. बोस्टनमध्ये मात्र दोन फुटांहून अधिक!

वादळ अपेक्षेपेक्षा थोडे पूर्वेकडून गेले, एवढाच हा फरक. युरोपीय केंद्राचे संगणकीय प्रारूप न्यूयॉर्कमध्ये प्रचंड हिमवृष्टी दाखवीत होते, तर अमेरिकेचे 'जीएफएस' बरेच कमी. २०१२च्या 'सँडी' वादळात युरोपीय प्रारूप सरस ठरले होते. प्रारूपांमधील हा मतभेद महत्त्वाचा होता. लोकांपर्यंत ठळकपणे पोहोचला तो मोठा आकडाच. सेवेचे तत्कालीन संचालक लुई उचेलिनी यांनीही अनिश्चितता अधिक स्पष्टपणे मांडण्याची गरज मान्य केली.

फसलेल्या इशाऱ्यामुळे पुढच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत जिवांनी मोजावी लागते. म्हणूनच बर्फ 'किती' याबरोबरच 'कितपत खात्रीने' हे सांगणेही अंदाजाचाच भाग ठरते.