रात्री दूरचा आवाज जवळ का येतो?

हिवाळा, लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षेची तयारी गुरुग्राममध्ये एकदमच येते. दूरवरच्या मंडपातला डीजे रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासाच्या खोलीत शिरतो. आई खिडक्या लावून घेते. गाण्याचे शब्द थांबतात, पण धबधब काही थांबत नाही.

रात्री रहदारी कमी असते हे खरे. मात्र तेवढेच कारण नाही. ध्वनी म्हणजे हवेतले कंपन. 0 अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे 331 मीटर जातो, 20 अंशांना 343. म्हणजे उबदार हवेत तो जास्त वेगाने धावतो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असल्याने ध्वनिलहरी वर वळतात. थंडीतल्या निवांत रात्री जमीन लवकर गार होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते आणि लहरी वाकून पुन्हा खाली येतात. दिल्लीकडचा धूर खाली कोंडून ठेवणारी हवाही हीच!

आता खिडकीचे. बारीक, उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात. काच त्यांना बऱ्यापैकी अडवते. 60 हर्ट्झच्या ठोक्याची लहर मात्र पावणेसहा मीटर लांब. ती कोपऱ्यांना वळसा घालते, तावदानेही थरथरवते. तिच्यासाठी जाड पडदे घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

इलाज उगमापाशीच हवा. 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सणासुदीची सवलतही मध्यरात्रीपर्यंतच, तीही सरकारने दिली तर. निवासी भागातली रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. त्यात 10 ची भर पडली, तर ध्वनीची तीव्रता दहापट होते. तक्रार पोलिसांकडे करता येते.