स्वस्त जमिनीची खरी किंमत

मुंबईतील देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पाला देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. धारावीतच घर मिळण्यास जे रहिवासी ‘अपात्र’ ठरतील, त्यांच्यासाठी येथे घरे बांधावयाची, असा हा बेत आहे. १९२७ पासून ज्या जागी शहराने आपला कचरा टाकला, त्या जागी शहराच्या कष्टकऱ्यांना वसवावयाचे, या कल्पनेवर टीका झाली आणि ती होणे योग्यच होते. मात्र ही टीका प्रामुख्याने प्रकल्प कोणत्या उद्योगसमूहाच्या हाती गेला, या एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहिली. तो प्रश्न गौण नाही. पण त्याच्याही मुळाशी एक जुना प्रश्न आहे. गरिबांच्या घरांसाठी जमीन शोधण्याची वेळ आली की नियोजनकारांचे बोट दर वेळी देवनार-गोवंडी-मानखुर्दकडेच का वळते?

याचे ठरलेले उत्तर असे की, तेथे जमीन स्वस्त आहे. हे उत्तर खरे आहे, परंतु अर्धे. ती जमीन निसर्गतः स्वस्त नव्हती. ती स्वस्त करण्यात आली. प्रथम कचराभूमी आली. १९७१ मध्ये कत्तलखाना आला. चेंबूर-माहुलच्या बाजूने तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने उभे राहिले. पुढे रुग्णालयांतील कचरा जाळण्याची भट्टी गोवंडीतच उभारण्यात आली आणि ती हलवावी म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. शहराला जे जे हवे होते, पण शेजारी नको होते, ते ते येथे आले. मग या शेजारामुळे जमिनीचे भाव पडले आणि पडलेले भाव हेच पुढच्या प्रत्येक पुनर्वसनाचे समर्थन ठरले. ज्या सार्वजनिक संस्थांनी हे ओझे लादले, त्यांनीच ओझ्यामुळे घटलेल्या किमतीचा लाभ घ्यावा, हा व्यवहार कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही.

माणसेही याच रीतीने येथे आणून टाकण्यात आली. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, मानखुर्दची जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्रासाठी जमीनदोस्त झाली आणि सुमारे सत्तर हजार माणसांना चीता कॅम्पच्या दलदलीच्या जागेवर हलविण्यात आले. आणीबाणी गेली, पण तिची ही रीत मागे राहिली. पुढे रेल्वे आणि रस्ते रुंद करण्यासाठी ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांतील हजारो कुटुंबांना लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंडसारख्या वसाहतींत घरे देण्यात आली. ज्या एम-पूर्व विभागात हे सारे घडले, त्याचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात ०.०५ होता, शहरातील सर्व विभागांत तो सर्वांत खालचा.

या पुनर्वसनाचे अर्थकारण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कांची सोय केली. प्रकल्पग्रस्तांसाठी घरे बांधून देणाऱ्या विकासकाला त्या बदल्यात असा हक्क मिळतो आणि तो अन्यत्र, अधिक भावाच्या उपनगरांत, वापरता किंवा विकता येतो. घरे स्वस्त जमिनीवर बांधावयाची आणि मोबदला महाग जमिनीवर वसूल करावयाचा, अशी ही रचना आहे. तीत विकासकाने गरिबांसाठी चांगली जागा शोधावी, असे कोणतेही कारण उरत नाही. माणसे पूर्वेच्या खाडीकडे सरकतात आणि त्यांच्या नावावर निर्माण झालेले मूल्य नेमके उलट दिशेने जाते.

या स्वस्ताईची किंमत मात्र कोणाला तरी मोजावीच लागते. मानखुर्द-गोवंडीच्या वसाहतींतील क्षयरोगाची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाऊंडमध्ये दर दहा घरांमागे सुमारे एका घरात क्षयरुग्ण आढळला होता. इमारतींमध्ये अधिक अंतर असलेल्या जवळच्याच पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एक होते. ऊन आणि वारा घरात न येऊ देता वाचविलेला पैसा असा औषधांवर आणि बुडालेल्या मजुरीवर खर्च होतो. फक्त तो सरकारी ताळेबंदात दिसत नाही.

माहुलचा अनुभव तर अधिक बोलका आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना २०१७ पासून तेथे पाठविण्यात आले. प्रदूषणाने हैराण झालेल्या या रहिवाशांनी दीर्घकाळ लढा दिला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, त्यांना तेथेच राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेऊन पर्यायी निवाऱ्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. पुढे २०२५ मध्ये महापालिकेने तेथील रिकामी ९,०९८ घरे प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना आपल्याच कर्मचाऱ्यांना विकावयास काढली. मुंबईत या रकमेत घर मिळणे हे स्वप्नच. तरीही प्रतिसाद अत्यल्प आला. ज्याला निवड करता येते तो जे घर नाकारतो, ते ज्याला निवडच नाही त्याच्या गळ्यात मारावयाचे, यालाच आज ‘परवडणारी घरे’ असे नाव आहे.

देवनारच्या बाबतीत सरकारपक्षाचे म्हणणे असे की, कचरा संपूर्ण हटवूनच बांधकाम होईल. त्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. सुमारे १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत काढावयाचा आहे. म्हणजे एक दिवसही खंड न पडता रोज सुमारे १७ हजार टन. साऱ्या मुंबईत रोज निर्माण होणाऱ्या कचऱ्याच्या हे दुपटीहून अधिक आहे. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंद झालेल्या कचराभूमीवर मनुष्यवस्तीचा विचारसुद्धा पंधरा वर्षांच्या देखरेखीनंतर, वायू, दूषित पाणी आणि जमिनीची स्थिरता यांची खात्री पटल्यावरच करावा, असे सांगितले होते. कचरा उचलला म्हणून हा नियम लागू नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण जवळजवळ शंभर वर्षे मुरलेले विष कागदावरील युक्तिवादाने निघत नाही. आणि जमीन साफ करण्याचा हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावयाचा असेल, तर ती जमीन स्वस्त तरी कशी म्हणावी?

पर्याय नव्हते, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ मधील दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता उरला आणि शहराच्या मध्यभागी कामगारांची घरे होण्याची संधी गेली. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये सोडून दिला. याच कायद्याखालील जमिनीसाठी झगडून मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगावला सहकारी पद्धतीने सहा हजारांवर घरे उभी केली होती. इच्छाशक्ती आणि संघटन असेल तर गरिबांचे घर शहराच्या कडेला ढकलावे लागत नाही, याचा तो विटा-मातीचा पुरावा आहे.

देवनारचा निर्णय झाला तेव्हा मुंबईत निवडून आलेली महापालिकाच नव्हती. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हे नागरी स्वराज्य संस्थांचे काम मानले. येथे मात्र ज्यांच्या दारात वसाहत उभी राहावयाची आणि ज्यांना तीत राहावयाचे, त्या दोघांनाही कोणी विचारले नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने आता सभागृह अस्तित्वात आले आहे. हा निर्णय सभागृहाने पुन्हा विचारात घ्यावा, त्यावर गोवंडीत आणि धारावीत जाहीर सुनावणी घ्यावी, ही मागणी प्रत्येक नगरसेवकापुढे मांडली पाहिजे.

मागण्या स्पष्ट आहेत. धारावीच्या श्रमावर जगणाऱ्याला, तो २००० पूर्वी आला की २०११ नंतर, घर धारावीत किंवा त्याच्या कामाच्या परिसरात मिळावे. परवडणाऱ्या घरांचे आरक्षण प्रत्येक विभागात असावे. मलबार हिल आणि वांद्रेही त्यातून सुटू नयेत. देवनारची जी जमीन मोकळी होईल, तिच्यावर पहिला हक्क शंभर वर्षे धूर गिळणाऱ्या वस्त्यांचा आहे. तेथे मैदाने, झाडे, शाळा आणि रुग्णालय व्हावे.

यात एक धोका आहे. धारावीचा झोपडीवासी आणि गोवंडीचा झोपडीवासी यांना एकमेकांसमोर उभे करणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. ‘तुम्ही येथे नको’ ही घोषणा गोवंडीत सहज पेटू शकते. ती पेटू न देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. दोन्हीकडच्या माणसांचे भांडण एकमेकांशी नसून एकाच हिशेबाशी आहे, हे घरोघर जाऊन समजावून सांगावे लागेल. जमिनीचा भाव माणसाची जागा ठरविणार की माणसाची गरज जमिनीचा उपयोग ठरविणार, हा या लढ्याचा खरा प्रश्न आहे.