निकालाचा टक्का आणि शाळेचा कस

दहावीचा निकाल लागला की शाळांची प्रतवारी टक्क्यांवरून ठरते. पुण्यातील सुस्थित वस्तीत हे माप एक वेळ चालेल. नारायणगावला लागून वाढलेल्या वारूळवाडीत ते अन्याय्य ठरेल, असे आम्हांस वाटते. टोमॅटोच्या बाजाराच्या आधाराने मजुरी करणारे आणि तमाशाच्या फडांबरोबर हिंडणारे येथील आईबाप हंगामाचे बांधील; मुलांची शाळाही मग हंगामी होते.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. पुढे नववीत गळालेले मूल परीक्षेस बसत नाही, म्हणून निकालातही दिसत नाही. कच्च्या मुलास सतरा नंबरचा अर्ज भरावयास लावून बाहेरून बसविले, तर शाळेचा टक्का उलट वाढतोच! २०१५मध्ये आलेल्या ‘शाळासिद्धी’ने मूल्यमापनाची सात क्षेत्रे ठरविली, हे स्वागतार्ह होय, परंतु तिचा पाया शाळेच्या स्वयंमूल्यमापनाचाच आहे.

आमची मागणी साधी आहे. नववीच्या पटावरील किती मुले पुढे दहावी उत्तीर्ण झाली, हा आकडा प्रत्येक शाळेने दर्शनी फलकावर लावावा. गळणारे मूल धरून ठेवणारी शाळा, टक्का उणा असला तरी, कसास उतरलीच म्हणावयाची.