विसण, थर्मोस्टॅट आणि सवय

मराठीत ‘विसण’ असा एक शब्द आहे. आंघोळीचे कढत पाणी अंगाला सोसवावे म्हणून त्यात जे थंड पाणी घालायचे, ते विसण. आमच्या मुरगूड भागात बोलताना त्याचे ‘इसण’ होते. वर्गात हा शब्द विचारला की अलीकडे बहुतेक चेहरे कोरे राहतात, आणि त्याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. न्हाणीतला तांब्याचा बंब गेला, त्याच्या पोटात सारायचा लाकूडफाटा गेला, आणि पाण्यात बोट बुडवून ‘आता पुरे’ म्हणण्याचे काम गिझरमधल्या थर्मोस्टॅटकडे गेले. कृती गेली तिथे शब्द किती दिवस तग धरणार? पहाटे उठून धुरात डोळे चोळणाऱ्या घरातल्या बायकांची त्यामुळे सुटका झाली, हे विसरून बंबाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ‘पुरे’ म्हणण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले तो ते नीट करतो आहे का, आणि करीत नसेल तर त्याला बदलण्याची वेळ झाली हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न आम्हांला सुचला तो एका अपघातानंतर. वेदगंगेकाठच्या गावात हिवाळ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो आणि घरात गिझरला उसंत नसते. आमच्या गिझरचे पाणी दिवाळीपासून जरा जास्तच तापत होते. पाणी तापल्यावर विझायचा तो लाल दिवा विझायला वेळ लावी, नळातून कधी वाफेचा फूत्कार येई. आम्ही काय केले? बादलीत थंड पाणी थोडे जास्त घालू लागलो. म्हणजे विसण परत आले आणि ते का परत आले, याचा आम्ही विचारही केला नाही. पुढे गिझर मधूनच बंद पडू लागला. वायरमन आला, त्याने आतले एक बटन दाबले, गिझर चालू झाला. दोन दिवसांनी पुन्हा बंद. तेव्हा तो म्हणाला, “सर, पार्ट मिळंस्तोवर डायरेक्ट करून देतो. पाणी तापलं की बटन बंद करायचं, एवढंच.” आम्ही मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी बटन चालू करून आम्ही फोनवर बोलत बसलो. आई न्हाणीत गेली. तिने रिवाजाप्रमाणे पहिला तांब्या पायांवर ओतला. तिला मधुमेह आहे आणि त्या दुखण्यात पायांची जाणीव हळूहळू बोथट होते, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. दुसरा तांब्या ओतल्यावर पायाकडे तिची नजर गेली. “मला कायबी कळलं न्हाई बघ,” एवढेच ती नंतर म्हणाली. जखम भरायला पाच आठवडे लागले.

वायरमनवर राग काढणे सोपे होते आणि दोन दिवस आम्ही तो काढलाही. नंतर शांतपणे हिशेब मांडला तेव्हा दोषाचा मोठा वाटा आमच्याच पदरी आला. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास २ किलोवॅटच्या कॉइलला सुमारे २१ मिनिटे लागतात. थर्मोस्टॅट वगळला, की पुढची तेवढीच मिनिटे तेच पाणी उकळीला नेतात. ६० अंशांचे पाणी धडधाकट माणसाच्या कातडीलाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. ४९ अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात. एवढ्या नाजूक अंतरावर आम्ही राखण ठेवली होती ती एका लांबलेल्या फोनची.

आता या यंत्राकडे थोडे पाहू. साठवणीच्या गिझरमध्ये बहुधा एक लांब दांडी असते. बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हार या मिश्रधातूची सळी. पितळ तापले की लांबते. इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. ही मिश्रधातू शोधणाऱ्या शार्ल एदुआर गिलोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २५ सेंटिमीटर लांबीच्या दांडीत ४० अंशांच्या चढउताराला या दोन धातूंत जो फरक पडतो तो सुमारे ०.१८ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतका. त्या केसभर हालचालीवर वीज तोडली आणि जोडली जाते. तोडताना दर वेळी बारीक ठिणगी पडते, संपर्काची टोके काळवंडतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात, स्प्रिंगही शिणते. म्हणून थर्मोस्टॅट एका क्षणी मरण्याऐवजी पुष्कळदा हळूहळू खोटे बोलू लागतो. बटन ६० वर असते आणि पाणी ७० वर जाते. याखेरीज एक दुसरा पहारेकरी असतो, त्याला कटआउट म्हणतात. थर्मोस्टॅट चुकला आणि पाणी फारच तापले, की तो वीज तोडतो आणि आपणहून पुन्हा जोडत नाही. आमचा गिझर ‘बंद पडत होता’ तो याच पहारेकऱ्यामुळे. घरात खरे बोलणारा तेवढा एकच उरला होता आणि आम्ही पैसे देऊन त्याचे तोंड बंद केले.

तेव्हा वेळ ओळखायची कशी? वर्षांचा ठोक नियम नाही. पहिली खूण तापमापकाची: प्रयोगशाळेत असतो तसा ११० अंशांपर्यंतचा तापमापक घ्यावा, दिवा विझल्यावर थोडे पाणी वाहू द्यावे, मग तांब्यात गरम पाणी घेऊन मोजावे. तीन दिवस ओळीने आकडा बटनावरच्या आकड्यापेक्षा बराच वर राहिला तर थर्मोस्टॅट बदलावा. दुसरी खूण म्हणजे दिवा विझतच नाही आणि पाणी मात्र कढत. तिसरी खूण कटआउट. तो पुन्हा पुन्हा सुटत असेल तर बटन दाबण्याऐवजी कारण शोधावे. नळातून वाफ आली तर त्या दिवसापुरता गिझर बंदच ठेवावा.

मात्र पाणी उशिरा तापते म्हणून थर्मोस्टॅटला दोष देऊ नये. कॉइलवर क्षारांचा थर बसला की गिझर मंदावतो, आणि बोअरच्या जड पाण्यात तो लवकर बसतो. शिवाय खेड्यापाड्यांतली वीज २३० व्होल्टची १८० वर आली, की २ किलोवॅटची कॉइल जेमतेम सव्वा किलोवॅटचे काम करते. २१ मिनिटांची ३४ होतात. निर्दोषाला काढून दोषीला ठेवण्याचा प्रकार घरातही होतो, तो टाळावा. भाग काही शे रुपयांत येतो, पण तो बसवणे जाणत्याकडेच द्यावे, आणि तो मिळेपर्यंत गिझर ‘डायरेक्ट’ न करता चुलीवर वा गॅसवर पाणी तापवावे. चार दिवसांची गैरसोय फार नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच प्रश्नाने उलटे रूप घेतले आहे. थंड देशांत थर्मोस्टॅट भिंतीवर असतो आणि सबंध घराची ऊब सांभाळतो. त्याच्या इतिहासात एक शिक्षक आहेत, हे आम्हां शिक्षकांना सुखावणारे. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांना तापमान पाहण्यासाठी तास चालू असता वर्गात डोकावणाऱ्या रखवालदाराचा व्यत्यय नको होता. १८८३ साली त्यांनी विजेवर चालणाऱ्या आपल्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. आज तिकडच्या मराठी घरांतही इंटरनेटला जोडलेले थर्मोस्टॅट असतात. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी गूगलने नेस्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार काढून घेतला. भिंतीवर ते हाताने फिरवता येतात, तापमान राखतात. फोनवरून मात्र ऐकत नाहीत आणि त्यांना नवी सुरक्षा मिळत नाही. तिथे खरे बोलणारे यंत्र कंपनीच्या वेळापत्रकानुसार म्हातारे ठरते. इथे खोटे बोलणारे यंत्र आमच्या सवयीच्या आधारावर तरुण राहते. दोन्हीकडे यंत्राचे बोलणे पडताळून पाहायचे राहूनच जाते.

आमच्या भागातल्या गुऱ्हाळावर याचा धडा आहे. काहिलीतला रस गूळ व्हायच्या बेतात आला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का पाहतो. तीस-तीस वर्षे हे काम केलेला गुळव्याही प्रत्येक आदणाला ही पारख नव्याने करतो. कालचे आदण बरोबर उतरले म्हणून आजचे तसेच उतरेल, असे तो धरून चालत नाही. आम्ही मात्र गिझर बसवला त्या दिवशी विश्वास ठेवला आणि मग तो तपासलाच नाही.

आता साहित्याच्या पानावर हा मजकूर कशासाठी, ते सांगतो. आपल्या विषयातही आपण ‘पुरे’ आणि ‘चांगले’ ठरवण्याचे काम काही मापांकडे सोपवलेले आहे: पाठ्यक्रम, समीक्षकांची ठरीव मते, आपल्याच जुन्या टिपणवह्या. तीही एका दिवसात बाद होत नाहीत. त्यांचा आकडा हळूहळू सरकतो आणि आपण वर्गात थोडे विसण घालून वेळ भागवतो: ‘परीक्षेत असे लिहा, खरे मत वेगळे ठेवा.’ हे वाक्य ज्या वर्षी आपल्या तोंडून प्रथम निघते त्याच वर्षी मूळ पुस्तक पुन्हा वाचायला हवे. तेच वाक्य आम्ही किती वर्षे उच्चारत आलो, हे येथे लिहिण्याची लाज वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्र बिघडले म्हणजे बदलावे, हे सगळ्यांना ठाऊक असते, पण घरची माणसे त्याच्या चुकीशी जुळवून घेऊ लागली, की बदलण्याची वेळ होऊन गेलेली असते. ज्या दिवशी आम्ही बादलीत नेहमीपेक्षा एक तांब्या जास्त थंड पाणी घातले तो दिवस बदलण्याचा होता. आणि ज्या घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल आहे तिथे तर ‘हाताला चालते’ हा पुरावा धरूच नये. हातसुद्धा झिजतात.

नवा थर्मोस्टॅट बसला त्याला आता काही महिने झाले. बटन ५० वर असते. शाळेच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला तापमापक आम्ही परत केला आणि एक स्वतःचा घेतला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाणी मोजतो. आई हसते. म्हणते, “एवढं पाण्याकडं बघतोस, तर आधी इसण घाल.” आम्ही घालतो.