न उचललेल्या पोत्यांचा हिशेब

१९८८ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचे काम पाहत होतो. वारणाकाठच्या एका दीड एकराच्या पाहणीला गेलो, तर तुटलेल्या उसाचे पाचट सऱ्यांमधून तसेच पडलेले. शेजारच्याने काडी लावून रान लख्ख केलेले. मी शेरा मारला, ‘मशागतीकडे दुर्लक्ष.’

मालक आबा हसले. ‘‘साहेब, हे पेटवलं की पोत्यांसाठी तुमच्या दारात यायचं. त्यापेक्षा असू द्या की पडून!’’

त्या बोलण्यातले शहाणपण मला फार उशिरा उमगले. एकरी तीन-चार टन पाचट निघते. जाळले की त्यातला नत्र धुरावाटे जातो. सरीत ठेवून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकले, की खोडव्याला घरचे खत मिळते. तण दबते, ओल टिकते.

बेण्याचेही तेच. एकरी दहा हजार दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे वीस हजार डोळे आपण मातीत घालतो. एक डोळ्याची रोपे करून ५ बाय २ फुटांवर लावली, तर ४,३५६ पुरतात.

२०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. दर दिल्लीत ठरतो, कपात कारखान्यात. दीड एकरवाल्याच्या हाती राहतो तो फक्त लागवडीचा खर्च. म्हणून रास्त दराची मागणी सोडावी असे मी म्हणत नाही. पण दर वाढेपर्यंत खिसा का फाडून घ्यायचा?

मग सगळेच असे का करत नाहीत? दोष काहीसा आमचाही आहे. त्या काळी पीककर्जाचा ठरलेला भाग खताच्या रूपातच उचलावा लागे. न उचललेल्या पोत्याला आमच्या फॉर्मात रकानाच नव्हता. दुसरा रकाना कुणाच्याच वहीत नाही: रोपांना झारीने पाणी घालणाऱ्या, पाचट सरीत ओढणाऱ्या घरच्या बाईच्या मजुरीचा. तिचे कष्ट फुकट धरून खर्च कमी झाला म्हणणे, ही बचत नव्हे, लबाडी आहे.

बँकांनी रोपांसाठी, पाचटकुट्टीच्या भाड्यासाठी आनंदाने कर्ज द्यावे. शेतकऱ्याने वहीत बाईचा रोज मांडावा.

आणि माझा तो शेरा? सदतीस-अडतीस वर्षांनी का होईना, मी तो खोडतो. दुर्लक्ष आबांचे नव्हते, माझे होते.